मयेकरकाकूंचं पाणी

मयेकरकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रिकाम्या टाकीला जेवू घालत होत्या.

लग्न होऊन मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत येऊन मला थोडेच दिवस झाले होते. माझं एक पार्सल समोरच्या घरात ठेवलेलं, ते घ्यायला दुपारी गेले. दार उघडंच होतं. हॉलचे पडदे ओढलेले आणि त्या अंधारात भिंतीलगत एक चारफुटी काचेची टाकी उजळलेली. आत दिवा, एका कोपऱ्यात स्पंजाचा फिल्टर आणि त्यातून सुटणारे बुडबुडे. बाकी काही नाही. मासा नाही, वनस्पती नाही, तळाला खडासुद्धा नाही. टाकीसमोर कॉटनच्या साडीतल्या एक उंच बाई उभ्या होत्या. त्यांनी डब्यातून चिमूटभर खाणं घेतलं, पाण्यावर सोडलं आणि ते तळाशी जाईपर्यंत बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "घ्या."

मी दारातच थबकले. "काकू, कोणाला घातलंत?"

त्या दचकल्या नाहीत. मागे वळूनही बघितलं नाही. "आहेत," म्हणाल्या. "दिसत नाहीत."

मी पार्सल घेतलं आणि निघाले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो याच इमारतीत वाढलेला. हसून म्हणाला, "एकट्या असतात गं. काका गेल्यापासून जरा तशा झाल्यात. बाकी बाई एकदम झकास."

बाई झकास होत्या हे मला पुढे कळलं. पण 'जरा तशा' हेही काही खोटं नव्हतं.

काकू एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होत्या. निवृत्तीपर्यंत बहुतेक नोकरी अतिदक्षता विभागात झालेली. त्यामुळे की काय, त्यांची नजर माणसाच्या तोंडाकडे आधी जायचीच नाही. जिन्यात भेटल्या की त्या माझ्या गळ्याच्या खाली, छातीकडे बघायच्या. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं. मग एकदा त्यांनीच सांगितलं, "आधी श्वास बघायचा, मग चेहरा. चेहरा खोटं बोलतो."

रिकाम्या टाकीचं कोडंही त्यांनीच सोडवलं. काका गेल्यावर त्यांच्या भाचीने त्यांना दोन गोल्डफिश आणून दिले होते. काचेच्या गोल भांड्यात, स्वच्छ चकचकीत पाण्यात. काकू रोज सगळं पाणी बदलायच्या, भांडं घासून पुसून लख्ख ठेवायच्या. तरी दोन्ही मासे आठवड्याच्या आत गेले. "वर येऊन तोंडं उघडत होते," काकू म्हणाल्या. "श्वास लागलेला पेशंट मी ओळखत नाही होय? डोळ्यांदेखत घुसमटले. आणि पाणी बघशील तर आरशासारखं."

त्यानंतर त्यांनी विषयाचा पिच्छाच पुरवला. मासा पाण्यातच घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. जुन्या पाण्यात, मुख्य म्हणजे जुन्या स्पंजात, असे जिवाणू राहतात जे अमोनिया खातात. पण ते खाऊन दुसरं एक विष मागे ठेवतात, नायट्राइट. ते खाणारे जिवाणू वेगळे, आणि ते सावकाश येतात. दोन्ही मंडळी नांदायला लागली की शेवटी जे उरतं ते माशाला सोसतं, मधूनमधून थोडं पाणी बदललं की झालं. हे सगळं जुळून यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासा आणायचा नाही. नुसतं खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि न दिसणाऱ्यांची वाट बघायची.

काकू त्याला 'पाणी पिकणं' म्हणायच्या. नळाचं ताजं पाणी म्हणजे 'कोरं पाणी'. "कोरं पाणी आंधळं असतं गं," त्या म्हणायच्या. "त्याला कोणाचीच ओळख नसते. त्यात कोणालाही सोडायचं नाही."

रोज सकाळी चहाच्या आधी त्या काचेच्या छोट्या नळ्यांत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत. नळी पिवळी राहिली तर अमोनिया नाही, हिरवी झाली तर आहे. दुसरी नळी आकाशी हवी, जांभळी झाली की गडबड. त्या नळ्या खिडकीच्या उजेडात धरून उभ्या असत तेव्हा मला वाटायचं, आता या कोणाच्या तरी नातेवाइकाला आत बोलावणार.

आणि मग एका रविवारी मासे आले. दोन जाडजूड नारिंगी गोल्डफिश, शेपट्या ओढणीसारख्या. मला वाटलं काकू लाडाची नावं ठेवतील. त्यांनी एकाला 'खिडकी' म्हटलं आणि दुसऱ्याला 'दार'. एक खिडकीच्या बाजूला राहायचा, दुसरा दाराच्या. वॉर्डात खाटा अशाच ओळखतात म्हणे. "नाव घेऊन हाक मारायला लागलं की बघणं सुटतं," हे त्यांचं म्हणणं.

माझी मुलगी रांगायला लागली ती त्या टाकीसमोर. मला ऑफिसमधून यायला उशीर झाला की ती काकूंकडे असायची. मी घ्यायला जायचे तेव्हा हॉलमध्ये अंधार, टाकीत उजेड आणि टाकीसमोर दोघी जणी मांडी घालून अगदी गप्प. दोन मासे काचेला तोंड लावून त्यांच्याकडे बघत असायचे. त्या दृश्यात वाईट काही नव्हतं. तरी मी प्रत्येक वेळी दिवा लावायचे.

एकदा मी विचारलंच, "काकू, तुम्हाला एकटीला या अंधारात भीती नाही वाटत?"

"कसली? दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच असतं? पेशंटला आराम पडतो तो आपल्याला दिसायच्या आधी पडलेला असतो. आणि पेशंट जातो तोही आपल्याला कळायच्या आधीच गेलेला असतो." हे सांगताना त्या हळदी-कुंकवाचं बोलावणं करावं इतक्या सहज बोलत होत्या.

अशी वर्षं गेली. मग आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली.

तीन मजले, बारा घरं, पूर्वेला मिठागरांकडून येणारा खारट वारा. सगळ्यांनी ठरलेल्या तारखेच्या आत घरं रिकामी करायची होती. आम्ही जवळच भाड्याने जागा घेतली. कोणी ठाण्याला गेलं, कोणी डोंबिवलीला. काकूंनीही दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर एक खोली-किचन घेतलं, पण त्या सगळ्यांत शेवटी जाणार होत्या. कारण मासे. नव्या इमारतीत टँकरचं आणि बोअरिंगचं पाणी यायचं, एकदम जड. ते पाणी माशांना मानवतं की नाही, याची खात्री करायची होती. जुनी टाकी हलवली तर तिचे सांधे सुटतील म्हणून त्यांनी नवीन टाकी घेतली, जुन्या स्पंजाचा एक तुकडा कापून तिकडच्या फिल्टरमध्ये ठेवला. "विरजण लावलंय," म्हणाल्या. "लागलं की नेते."

म्हणजे काकूंचं असं चाललं होतं, की रोज सकाळी त्या नव्या घरी जायच्या, जिथे कोणी राहत नव्हतं, आणि तिथल्या रिकाम्या टाकीला चिमूटभर खाणं घालून परत यायच्या, त्या इमारतीत, जिथून सगळे निघून गेले होते.

मी ऑफिसातून येताना रोज त्यांच्याकडे डोकावत असे. रिकामी होत चाललेली इमारत मी आधी कधी बघितली नव्हती. दारांवरच्या पाट्या काढलेल्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन. भंगारवाल्याने खालच्या मजल्यांवरच्या काही घरांची दारं, ग्रिल्ससुद्धा उचकटून नेलेली. कोणाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पोराची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज माझ्या एक पायरी मागून यायचा. आणि दुसऱ्या मजल्यावर फक्त काकूंच्या खिडकीत तो उजेड.

माझी एक निळी बादली आणि तांब्याचं जुनं घंगाळ आमच्या जुन्या घराच्या बाथरूममध्येच राहिलं होतं. घ्यायला गेले तर दोन्ही नाहीत. भंगारवाल्याचंच काम, मी म्हटलं.

"माझा कुंडीखालचा टबही गेला," काकू म्हणाल्या. "दाराबाहेर होता. पण बाजूची लोखंडी घडवंची आहे तशीच आहे. भंगारवाला लोखंड सोडून प्लॅस्टिक कशाला नेईल?"

मी चहाचा घोट घेतला.

"आणखी सांगू?" त्यांनी आवाज खाली आणला. "वर कोणीतरी आहे."

मी कप खाली ठेवला.

"आवाज नाही येत. पाणी येतं," काकू म्हणाल्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, नळाचं पाणी नळीत घेतलं आणि एका वेगळ्याच औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. "हे क्लोरीन. माशांना चालत नाही म्हणून मी रोज बघते. आता तूच सांग. वरची टाकी अख्ख्या बिल्डिंगची. वापरणारी मी एकटी. भरलेली टाकी मला कितीतरी दिवस पुरेल. उभ्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. मग रोज सकाळी माझ्या नळाला ताजं पाणी कसं? टाकीचा पंप आपोआप चालतो, पाणी खाली गेलं की. तो रोज चालू होतोय, अनघा. म्हणजे रोज पाणी जातंय."

"कुठेतरी नळ गळत असेल काकू."

"गळका नळ दिवसभर गळेल. हे फक्त सकाळी जातं. सकाळी नळी गडद पिवळी, संध्याकाळपर्यंत फिकी. पूर्वी सकाळचं पाणी भरायचो ना आपण, तेव्हा."

मी खाली गेटवरच्या वॉचमनला विचारलं. तो बिल्डरचा माणूस, नवीन. "बाहर का कोई नहीं आता, मॅडम," तो ठामपणे म्हणाला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. म्हणाला, एकटेपणाचं हे असं होतं, तू त्यांना लवकर तिकडे हलव. मलाही तसंच वाटलं. सरळ सांगायचं तर मला काकूंची काळजी वाटत होती आणि त्या घरी जायची भीतीही वाटत होती. काकूंनी 'आहेत, दिसत नाहीत' म्हटलेले ते जिवाणू एकदा खरोखरच तिथे निघाले होते.

रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. "नवी टाकी पिकली. दोन्ही नळ्या चांगल्या आल्या. आज मासे न्यायचे. पण त्याआधी मी वर जाऊन बघणार आहे. येतेस?"

मी गेले. बरोबर जायचं म्हणून गेले, उत्सुकता अजिबात नव्हती. तिसऱ्या मजल्यावर चार घरं. तीन सताड उघडी, आत प्लास्टरचे ढिगारे. चौथं दळवीकाकांचं. त्याचं दार मात्र जागच्या जागी होतं, लोटलेलं.

दळवीकाका म्हणजे आमच्या इमारतीतले सगळ्यांत जुने रहिवासी. मूळचे मालवणकडचे, ऐन उमेदीत गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करत इथवर आलेले. पाण्याची टंचाई असायची त्या काळात पंपाची किल्ली त्यांच्याकडे असे. पहाटे उठून टाकी भरायचे आणि प्रत्येक मजल्यावर ओरडत फिरायचे, पाणी इलां, पाणी इलां. त्यांची बायको वारली त्यालाही काही वर्षं झाली होती. इमारत रिकामी करायची ठरल्यावर मुलगा त्यांना बदलापूरला घेऊन गेला, अगदी सुरुवातीलाच. आम्ही सगळ्यांनी खाली उतरून त्यांना निरोप दिला होता.

दाराशी उभं राहिल्यावर ऐकू आलं. आत पाण्याची बारीक धार पडत होती. मग ती थांबली. मग दुसऱ्या सुरात पडायला लागली, जशी भांडं बदलल्यावर पडते.

काकूंनी दोनदा टकटक केलं. धार थांबली. काकूंनी दार ढकललं.

मला पहिल्यांदा वाटलं की फरशीच हलतेय. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि छतभर प्रकाशाची जाळी थरथरत होती. मग नजर खाली गेली. हॉलभर भांडी होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बादल्या, पिंप, पातेली, कळश्या, कोणाचा प्रेशर कुकर, कोणाचा बाळाला आंघोळ घालायचा टब, तडा गेलेले मग, झाकण नसलेले डबे. सगळी काठोकाठ भरलेली. मध्ये पाय ठेवायलाही जागा नव्हती, फक्त मोरीपासून हॉलच्या मध्यापर्यंत पाऊलभर रुंदीची एक वाट सोडलेली. आणि त्या वाटेच्या टोकाला लाकडी पाटावर, धुतलेला पांढरा शर्ट घालून दळवीकाका बसले होते. गुडघ्यांवर हात. आमची वाटच बघत असल्यासारखे.

"हळू," ते म्हणाले. "सांडात."

माझी निळी बादली मला दिसली. शेजारी घंगाळ. त्याच्या बाजूला काकूंचा टब. मग माझ्या लक्षात आलं की भांडी कशीही ठेवलेली नव्हती. त्यांचे गट होते, बारा घरांचे.

"ही अनघाबाईंची," त्यांनी बोट दाखवलं. "ते नाईक. तो टब देसायांच्या झिलाचो. हय तुमी, मयेकरबाई." ते एकेक घर दाखवत गेले. एकही चुकलं नाही. "पानी भरून ठेयलंय. सगळे इले की लागतला. शिळा नाय हां. रोज वततंय आनि नवीन भरतंय."

काकू त्या अरुंद वाटेने एकेक पाऊल टाकत त्यांच्यापर्यंत गेल्या आणि समोर उकिडव्या बसल्या. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. कितीतरी वेळ त्यांच्या छातीकडे बघत राहिल्या. मग मनगट धरलं, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला, ओठ बघितले.

"जेवलात, दळवीभाऊ?"

"ही गेलीहा बाजारात. इली की करतली."

कोपऱ्यात बिस्किटांचे रिकामे पुडे नीट घडी घालून रचलेले होते.

मी जिन्यात येऊन त्यांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा? बाबा तर ताईकडे आहेत, कांजूरला." मग त्याने ताईला फोन केला असणार, कारण थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. काका मुलाकडून निघाले ते मुलीकडे जातो म्हणून. मुलीला फोनवर सांगत, मी मुलाकडेच आहे, बरा आहे. दोघांशीही ते रोज व्यवस्थित बोलत होते. दोन्ही घरांच्या लेखी ते दुसऱ्या घरी सुखरूप होते. जवळजवळ महिनाभर ते कोणाच्याच घरी नव्हते आणि कोणालाच त्यांची कमी भासली नव्हती.

आणि वॉचमनला नंतर विचारलं तर तो म्हणे, "वो दादाजी? वो तो यहीं रहते हैं ना? रोज बिस्कुट लेने उतरते हैं." बाहेरचा कोणी येत नव्हता, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

काका काही केल्या उठेनात. मुलगा येतोय म्हटलं तर म्हणाले, "येवंदे. तेचाव पानी भरलंय." मी समजावलं, जरा आवाज चढवला, डोळ्यांत पाणी आणलं. काहीच नाही. उलट त्यांनी पाटाची कड घट्ट धरली.

काकू मात्र त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. उठून खाली गेल्या आणि एक झाकणाची बादली घेऊन परत आल्या. झाकण उघडून त्यांच्यासमोर ठेवली. आत जुन्या टाकीतलं पाणी, आणि त्यात 'खिडकी' आणि 'दार' हळूहळू फिरत होते.

"दळवीभाऊ, ह्यांका दुसऱ्या घराक न्हेवचा आसा. पानी सांडता कामा नये. माझा हात थरथरता. कोन धरतलो?"

काका बादलीत बघत राहिले. छतावरची जाळी त्यांच्या चेहऱ्यावर हलत होती. मग ते उठले. काकूंच्या हातातून बादली घेतली आणि त्या शेकडो भांड्यांमधून, एकाही भांड्याला पाय न लावता, दारापर्यंत आले. दारात वळून मला म्हणाले, "नळ घट्ट बंद कर गो बाय."

रिक्षात ते मधे बसले, मांडीवर बादली आणि बादलीवर दोन्ही हात. नव्या घरी काकूंनी बादलीत टाकीचं पाणी थोडंथोडं मिसळलं, मग मासे सोडले. काका टाकीसमोर जमिनीवर बसले. मासे पहिल्यांदा तळाला दडून राहिले, मग एक दारापाशी गेला, एक खिडकीपाशी. काकूंनी मऊ भात केला. काका जेवले. संध्याकाळी मुलगा आला आणि जिन्यातच रडायला लागला तेव्हा काकूंनी त्याला आत येऊ दिलं नाही. "आधी तोंड धू," म्हणाल्या. "रडका चेहरा बघितला की पेशंट घाबरतो."

दुसऱ्या दिवशी मी माझी बादली आणायला दळवीकाकांच्या घरी गेले. म्हटलं भांडी ओतून टाकावी, आपल्या वस्तू तरी घ्याव्या. दार उघडलं. सगळं पाणी तसंच होतं, निश्चल, एकाही थेंबाची हालचाल नाही, आणि प्रत्येक भांड्यात खिडकीचा एक छोटा चौकोन. मी निळ्या बादलीच्या कडीला हात लावला. वाकल्यावर पाण्यात माझा चेहरा दिसला. मला ते पाणी ओतवेना. रिकाम्या हाताने परत आले. इमारत पाडली तेव्हा ती भांडी काढली होती की तशीच होती, मी कोणालाच विचारलं नाही.

काकू अधूनमधून काकांना भेटायला बदलापूरला जायच्या. काका त्यांना बायकोच्या नावाने हाक मारत, आणि काकू 'ओ' देत. मी म्हटलं, काकू, असं कसं? तर म्हणाल्या, "ती आलीय असं वाटलं की श्वास नीट चालतो त्यांचा. मी कशाला बिघडवू?" वर्षभराने काका झोपेत गेले.

पण त्या रविवारनंतर काकू बदलल्या. त्या काही बोलल्या नाहीत, तरी मला कळत होतं. बाहेरून आल्या की दार लावताना क्षणभर थांबायच्या. एकदा माशांचं पाणी बदलता बदलता अचानक म्हणाल्या, "त्यांना दोन मुलं होती गं."

मी रिकामी बादली त्यांच्यापुढे सरकवली.

"मला एक काम करशील? रोज सकाळी ऑफिसला निघताना मला एक मिस्ड कॉल दे. बोलायचं नाही, तुला घाई असते. मी दुसऱ्या रिंगला कट करीन. कट झाला म्हणजे मी आहे. नाही झाला तर किल्ली तुझ्याकडे आहेच."

तेव्हापासून ते सुरू झालं. चपला घालता घालता मी नंबर लावायचे, एक रिंग, दुसरी रिंग, कट. मुलीला शाळेच्या बसपाशी सोडताना, गावी गेले तरी तिथून, तापात पडून असतानाही. दोन वर्षांत आम्ही त्या फोनवर एक शब्द बोललो नाही. कधीकधी मला वाटायचं, दिवसभरातलं सगळ्यांत मनापासूनचं बोलणं हेच.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवशीही निघताना फोन लावला. एक रिंग. दुसरी रिंग. कट. मी फोन पर्समध्ये टाकला आणि निघाले. दुपारी काकूंकडे भांडी घासायला येणाऱ्या मंगलचा फोन आला, ताई, काकू दार उघडत नाहीत. मी रिक्षा करून गेले, किल्लीने दार उघडलं. काकू टाकीसमोरच्या खुर्चीत होत्या. मान जरा खिडकीकडे कललेली, मांडीवर शाल, शालीवर फोन आणि फोनवर हात. मी आधी श्वास बघितला.

खालचे डॉक्टर आले. त्यांनी काकूंचा हात उचलून बघितला, ताठ झाला होता. "झोपेतच गेल्या असणार," म्हणाले. "पहाटे. फार तर पहाटे."

मी म्हटलं, "नाही डॉक्टर. सकाळी मी फोन केला तेव्हा होत्या. त्यांनी कट केला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "पहाटेच, ताई."

घरी नवरा म्हणाला, नेटवर्कमुळे फोन आपोआप कट होतो, आपल्याकडे तर रोजच होतो. ऑफिसमधल्या मैत्रिणीही तेच म्हणाल्या. ते बरोबरच असणार. काकूंच्या भाचीने फोन मला दिला, तिला त्याचं काही करायचं नव्हतं. मी तो चार्ज करून कपाटात ठेवला, मासे आमच्या घरी आणले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना, चपला घालता घालता, बोट सवयीने काकूंच्या नंबरवर गेलं. मी तशीच दारात उभी राहिले. फोन कपाटात वाजत राहिला असता तर मला चाललं असतं. मी लावला नाही, तो दुसऱ्या रिंगला कट झाला असता तर काय, म्हणून.